धूळ कुठवर जाते? नुनावुतमधील एका परिणाम-आढाव्याचा अनुभव

कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात, बॅफिन बेटाच्या उत्तर भागात, मेरी रिव्हर नावाची लोहखनिजाची खाण आहे. ती चालवणाऱ्या बॅफिनलँड कंपनीने २०१८ मध्ये आपल्या 'दुसऱ्या टप्प्या'चे सविस्तर परिणाम-विवरण सादर केले. वार्षिक उत्पादन साठ लाख टनांवरून एक कोटी वीस लाख टनांवर न्यायचे आणि खाणीपासून मिल्न इनलेटच्या बंदरापर्यंत सुमारे ११० किलोमीटरचा लोहमार्ग बांधायचा, असा तो प्रस्ताव होता. त्याचा पर्यावरणीय आणि सामाजिक परिणामांच्या दृष्टीने आढावा मे २०२२ पर्यंत चालला. या काळात मी आढाव्यात सहभागी असलेल्या एका संस्थेच्या तांत्रिक पथकात हवा आणि धूळ या विषयाचे काम पाहत होते. हे काम करताना काय वाचावे लागले, काय ऐकावे लागले आणि निर्णय कशाच्या आधारावर झाला, याची नोंद मराठीत असावी असे वाटते, कारण खनिजाच्या धुळीत राहणारी माणसे आपल्याकडेही आहेत.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्याची. आमच्या भागात मायनिंगचे ट्रक जेटीकडे जात, तिथून खनिज बार्जमध्ये भरून मांडवीतून मुरगाव बंदराकडे नेले जाई, आणि रस्त्याकडेच्या घरांवर, झाडांवर, तुळशीवृंदावनांवर लाल थर बसे. रस्त्यावर पाणी मारणारे टँकर हाच त्यावरचा सगळ्यांना माहीत असलेला उपाय होता. पर्यावरण अभियांत्रिकी शिकून कॅनडात आल्यावर पुन्हा लोहखनिजाचीच धूळ वाट्याला येईल, असे काही ठरवलेले नव्हते. मात्र मेरी रिव्हरचे विवरण हातात आले तेव्हा पहिला प्रश्न जो मनात आला तो डिचोलीतूनच आला होता : जिथे वर्षातले बहुतेक महिने पाणी गोठलेले असते, तिथे रस्त्यावर पाणी कसे मारणार?

नुनावुतमधील आढाव्याची पद्धत समजून घेतल्याशिवाय पुढचे काही नीट कळणार नाही. १९९३ मध्ये इनुइट, म्हणजे तिथले मूळनिवासी लोक, आणि कॅनडा सरकार यांच्यात जमीन-हक्कांचा करार झाला. त्याच प्रक्रियेतून १९९९ मध्ये नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश निर्माण झाला. या कराराच्या बाराव्या कलमाने 'नुनावुत इम्पॅक्ट रिव्ह्यू बोर्ड' हे मंडळ स्थापन केले. त्याचे नऊ सदस्य असतात आणि त्यांतील चार जणांची नावे इनुइट संघटनेने सुचवलेली असतात. सुनावणीत औपचारिकता कमी ठेवावी, न्यायालयात एरवी ग्राह्य धरला जाणार नाही असा पुरावाही योग्य तिथे स्वीकारावा, आणि इनुइटांच्या मौखिक परंपरेला व निर्णय घेण्याच्या रीतीला यथोचित वजन द्यावे, असे करारातच लिहिलेले आहे. ही तरतूद कागदावर वाचताना साधी वाटते. तिचा अर्थ मला सुनावणीच्या दालनात बसल्यावर कळला.

या तरतुदीमागे मोठा इतिहास आहे. १९७४ ते १९७७ या काळात न्यायमूर्ती थॉमस बर्गर यांनी कॅनडाच्या वायव्य भागातील मॅकेन्झी खोऱ्यातल्या प्रस्तावित वायुवाहिनीची चौकशी केली. ते गावोगाव गेले, लोकांच्या भाषेत त्यांचे म्हणणे ऐकले आणि मूळनिवासींचे जमीन-हक्क निश्चित होईपर्यंत मॅकेन्झी खोऱ्यातली वायुवाहिनी दहा वर्षे पुढे ढकलावी, अशी शिफारस केली. उत्तरेत प्रकल्पाचे मूल्यमापन करायचे तर उत्तरेतल्या माणसांसमोर बसून करायचे, हा पायंडा त्या चौकशीने घट्ट केला.

मेरी रिव्हरचा आढावा अवघड होता, कारण प्रकल्प एका जागी थांबलेला नव्हता. २०१२ मध्ये परवानगी मिळाली ती दक्षिणेकडे स्टीन्सबी इनलेटपर्यंत सुमारे १५० किलोमीटरचा लोहमार्ग बांधून वर्षाला एक कोटी ऐंशी लाख टन खनिज नेण्याच्या योजनेला. तो लोहमार्ग तेव्हा झाला नाही. २०१४ मध्ये त्याऐवजी उत्तरेकडे, मिल्न इनलेटकडे, ट्रकने वर्षाला बेचाळीस लाख टन नेण्याची दुरुस्ती मंजूर झाली. २०१८ मध्ये ही मर्यादा साठ लाखांवर गेली. त्या वाढीची शिफारस मंडळाने केलेली नव्हती, तरीही केंद्र सरकारने ती ठरावीक मुदतीसाठी मान्य केली. आणि त्याच वर्षी दुप्पट उत्पादनाचा दुसरा टप्पा समोर आला. प्रत्येक दुरुस्ती आधीच्या दुरुस्तीवर उभी राहत होती. त्यामुळे 'खाणीच्या आधीची स्थिती' आणि 'आजची स्थिती' यांतील कोणत्या स्थितीशी तुलना करायची, हा प्रश्न धुळीपासून नारव्हेलपर्यंत (लांब सुळ्याचे लहान देवमासे) प्रत्येक विषयात उभा राहिला. आजच्या स्थितीशी तुलना केली तर वाढ लहान दिसते; शिकारी मात्र त्यांच्या वडिलांच्या काळाशी तुलना करत होते. माझ्या मते या आढाव्यातला सर्वांत मूलभूत मतभेद हाच होता.

कामाचा मोठा भाग वाचनाचा असतो. विवरण, त्याची परिशिष्टे, वार्षिक देखरेख अहवाल, मग सहभागी पक्षांनी मागितलेली माहिती, तिला कंपनीने दिलेली उत्तरे, त्यांवरच्या तांत्रिक टिप्पण्या, तांत्रिक बैठका, त्यांतून निघणारी आश्वासने, आणि अखेरीस अंतिम लेखी निवेदन. विवरण कंपनीच तयार करते, तिच्या खर्चाने नेमलेल्या सल्लागारांकडून. ही रीत भारतात आणि तिथे सारखीच आहे. फरक पडतो तो पुढे, कारण तिथे प्रश्न विचारणाऱ्यालाही तज्ज्ञ मिळू शकतो आणि कंपनीला लेखी उत्तर द्यावे लागते. अर्थात, उत्तर मिळाले म्हणजे ते पोचले असे होत नाही. बॅफिनच्या पूर्व किनाऱ्यावरील क्लाइड रिव्हर या गावाने समुद्रातल्या भूकंपीय सर्वेक्षणाविरुद्ध दिलेल्या लढ्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जो निकाल दिला, त्यात याची नोंद आहे. तिथे लोकांच्या प्रश्नांना उत्तर म्हणून ३,९२६ पानांचा दस्तऐवज दिला गेला होता, त्याचा अगदी थोडा भाग इनुक्टिटुट या इनुइटांच्या भाषेत होता, आणि गावातल्या इंटरनेटवर तो उघडणेही कठीण होते. न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. ती प्रक्रिया वेगळ्या संस्थेची होती, परंतु आमच्या पथकातल्या प्रत्येकाला हा निकाल जवळजवळ पाठ होता.

आता धुळीविषयी. मेरी रिव्हरचे खनिज उच्च प्रतीचे आहे. ते धुवावे लागत नाही, फोडून आणि चाळून थेट जहाजात भरता येते. गोव्यासारखी धुण्याच्या पाण्याची आणि गाळाची समस्या त्यामुळे टळते, पण क्रशर, साठ्याचे ढीग आणि सुमारे शंभर किलोमीटरचा ट्रकमार्ग यांवरून धूळ उडत राहते. उन्हाळ्यात रस्त्यावर पाणी आणि धूळ दाबणारी रसायने टाकता येतात. हिवाळ्यात पाणी मारले तर त्याचा बर्फच होतो. धूळ मोजण्यासाठी खांबांवर पात्रे बसवलेली असतात, त्यांत पडलेली धूळ ठरावीक काळाने वजन केली जाते, आणि तिचा वार्षिक आकडा संगणकीय प्रारूपाने वर्तवलेल्या आकड्याशी ताडून पाहिला जातो. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून बर्फावरचा रंगबदल किती दूरपर्यंत दिसतो हेही तपासले जाते. धूळ मूळ अंदाजापेक्षा दूरवर पोचते आहे, हे देखरेखीच्या नोंदींतूनच पुढे आले होते. मिल्न इनलेटच्या आसपास बर्फ लाल दिसतो, ही लोकांची तक्रार काल्पनिक नव्हती.

तरीही विवरणाचा निष्कर्ष असा की परिणाम 'लक्षणीय नाही'. हा निष्कर्ष कसा निघतो हे समजून घेण्यात मी बराच काळ घालवला. प्रत्येक परिणामाला तीव्रता, विस्तार, वारंवारिता, कालावधी आणि पूर्ववत होण्याची शक्यता अशा कसोट्या लावल्या जातात. धुळीचा वनस्पतींवरचा परिणाम वेगळा, पाण्यावरचा वेगळा, माणसांच्या आरोग्यावरचा वेगळा. प्रत्येक रकान्यात तो मर्यादेच्या आत बसतो. पण एकाच शिकाऱ्याच्या एकाच फेरीत हे सगळे रकाने एकत्र येतात : ज्या वाटेने तो जातो तिथला बर्फ, त्या बर्फाचे पाणी, त्या कडेचे गवत खाणारे कॅरिबू, म्हणजे उत्तरेकडची हरणे.

पाँड इनलेटला, म्हणजे इनुइटांच्या मिट्टिमातालिकला, वसंतात गेले असताना हे मला एका वृद्ध बाईंच्या घरी समजले. गाव एक्लिप्स साउंडच्या काठावर आहे. समोर बायलॉट बेटाचे हिमाच्छादित डोंगर दिसतात. लोकसंख्या जेमतेम दीड हजाराच्या आसपास, आणि दुसऱ्या गावाला जोडणारा रस्ता नाही. चहासाठी त्या नळाचे पाणी वापरत नव्हत्या. हिमनगाचा तुकडा वितळवून त्याचे पाणी घेत होत्या, आणि हीच तिथली जुनी आवड आहे. त्यांची मुलगी आमच्यात दुभाषी होती. त्यांनी विचारले, "तुमची ती भांडी कोणत्या महिन्यात बघतात?" मी म्हटले, वर्षभर, आणि मग त्याची सरासरी काढतात. त्या थोड्या थांबून म्हणाल्या, "आम्ही वर्षभराचा बर्फ पीत नाही. मे-जूनमध्ये तिकडे तळ ठोकतो, तेव्हाचा पितो."

या एका वाक्याने माझ्या पुढच्या टिप्पणीची दिशा ठरली. हिवाळाभर बर्फाच्या एकेका थरावर थोडी थोडी धूळ बसते आणि तिच्यावर नवा बर्फ पडतो. वसंतात वरचा बर्फ वितळू लागला की पाणी झिरपून जाते, धुळीचे कण मात्र बऱ्याच अंशी मागे राहतात. अनेक महिन्यांची धूळ पृष्ठभागावर एकवटते. काळपट-लाल पृष्ठभाग ऊन अधिक शोषतो, त्यामुळे बर्फ आणखी लवकर वितळतो. म्हणजे वार्षिक सरासरी मर्यादेत असली तरी ज्या आठवड्यांत लोक त्या भागात राहतात, सील मारतात, चहा करतात, त्याच आठवड्यांत धूळ सर्वाधिक दिसते आणि पाण्यात येते. भौतिकशास्त्रात हे नवे नाही. पण मोजणी कोणत्या ऋतूत आणि कोणासाठी करायची, हा प्रश्न विवरणात कोणी विचारला नव्हता. तो त्या बाईंनी विचारला. आमच्या लेखी निवेदनात आम्ही वसंत ऋतूतील पृष्ठभागाचे नमुने स्वतंत्रपणे घ्यावेत आणि ते कुठे घ्यायचे हे शिकाऱ्यांनी ठरवावे, असे सुचवले.

नारव्हेल माझ्या विषयाच्या बाहेरचे, तरी त्यांचा उल्लेख टाळता येत नाही. एक्लिप्स साउंड आणि मिल्न इनलेट हे त्यांचे उन्हाळी निवासस्थान आणि खनिजाच्या जहाजांचा मार्गही तोच. हा भाग तालुरुतिउप इमांगा या सागरी संरक्षित क्षेत्रात येतो. हवाई पाहणीनुसार २०१६ मध्ये एक्लिप्स साउंडमध्ये सुमारे बारा हजार नारव्हेल होते. २०२० मध्ये हा अंदाज पाच हजारांवर आणि २०२१ मध्ये अडीच हजारांच्या जवळ आला. जहाजांच्या आवाजाने ते शेजारच्या ॲडमिरल्टी इनलेटकडे गेले, की किलर व्हेल, बर्फाची बदलती स्थिती आणि इतर जहाजे यांचाही वाटा आहे, यावर तज्ज्ञांत वाद झाला. शिकाऱ्यांचे म्हणणे मात्र जहाजे वाढल्यापासून सुसंगत होते : प्राणी कमी झाले, बिथरले, मागच्यासारखे किनाऱ्याजवळ येत नाहीत. नारव्हेलचे 'मक्ताक', म्हणजे कातडी आणि त्याखालची चरबी, हे तिथल्या घरांतले अन्न आहे, आणि दुकानातला माल विमानाने किंवा उन्हाळ्यातल्या जहाजाने येत असल्याने महाग. म्हणून प्राण्यांच्या संख्येचा प्रश्न लगेच घरातल्या जेवणाचा प्रश्न होतो.

अंतिम सुनावणी नोव्हेंबर २०१९ मध्ये नुनावुतच्या राजधानीत, इकालुइतला, सुरू झाली आणि नुनावुत टुन्गाविक या इनुइट संघटनेच्या ठरावानंतर तहकूब झाली. त्यानंतर कोविडची साथ आली. जानेवारी २०२१ च्या शेवटी पाँड इनलेटमध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा प्रवासावर कडक निर्बंध होते, त्यामुळे मी आणि दक्षिणेतले इतर अनेक जण दूरस्थपणे जोडलेले होतो. ती सुनावणी चालू असतानाच, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, काही शिकारी स्नोमोबाइलवरून थंडीत लांबचा प्रवास करून खाणीवर पोचले आणि त्यांनी धावपट्टी व ट्रकमार्ग अडवून धरला. आठवडाभर तो अडथळा राहिला. मला याचे दुःख झाले, आणि कारणही समजले. आढाव्याच्या मेजावर आपली बाजू पुरेशी मांडली जात नाही, असे ज्यांना वाटले, त्यांनी आपले म्हणणे उणे तापमानात उभे राहून मांडले. त्याच वर्षी मार्च महिन्यात किकिक्तानी इनुइट असोसिएशननेही, जी त्या जमिनीची मालकी सांभाळते आणि जिला स्वामित्वधन मिळते, दुसऱ्या टप्प्याला पाठिंबा नसल्याचे जाहीर केले.

शेवटचा भाग नोव्हेंबर २०२१ मध्ये इकालुइतला झाला. त्या वेळी शहराच्या पाण्यात इंधनाचे अंश सापडल्यामुळे नळाचे पाणी पिण्यास मनाई होती; सगळे बाटलीबंद किंवा नदीवरून आणलेल्या पाण्यावर होते. पाण्याविषयीच्या चर्चेला त्यामुळे वेगळेच गांभीर्य आले.

दालनात एका बाजूला कंपनीचे अधिकारी आणि त्यांचे तज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला केंद्र आणि नुनावुत सरकारची खाती, इनुइट संघटना, पर्यावरण संस्था, समोर मंडळाचे सदस्य आणि मधोमध गावांचे प्रतिनिधी. उत्तर बॅफिनच्या गावांनी निवडून पाठवलेले वडीलधारे, शिकारी, स्त्रिया आणि तरुण यांचा स्वतंत्र संवाद हा सुनावणीचा भाग असतो. ते कोणालाही प्रश्न विचारू शकतात. कानाला यंत्र लावून इनुक्टिटुटमधल्या प्रश्नाचा अनुवाद ऐकायचा, प्रश्न संपल्यावर हळू आणि स्पष्ट बोलायचे, कारण दुभाष्यांना तांत्रिक शब्द पेलायचे असतात. घाई केली तर ते थांबवतात. धुळीचे प्रारूप ज्याने बनवले, त्याला त्या वाटेने रोज जाणाऱ्या माणसाने थेट विचारावे आणि उत्तर नोंदीत जावे, हे मी पहिल्यांदाच इतक्या गांभीर्याने घडताना पाहिले.

मला आपल्याकडची जनसुनावणी आठवत राहिली. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तीस दिवसांची सूचना, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी, स्थानिक भाषेत अहवालाचा सारांश. ही चौकट वाईट नाही. डिचोली तालुक्यातल्या ज्या सुनावणीला मी विद्यार्थिदशेत हजर होते, तिथे लोक अभ्यास करून, पोटतिडकीने बोलले होते. परंतु ज्या तज्ज्ञ समितीने प्रकल्पाची शिफारस करायची, तिचा एकही सदस्य समोर नसतो. तिच्याकडे जातो तो कार्यवृत्तान्त. बोलणाऱ्याचा चेहरा आणि निर्णय लिहिणारा हात यांची गाठच पडत नाही. नुनावुतमध्ये जे सदस्य ऐकतात तेच अहवाल लिहितात. सगळ्या फरकांत मला हा फरक सर्वांत मोठा वाटतो.

प्रकल्पाच्या बाजूनेही मनापासून बोलणारी माणसे होती, हे सांगायलाच हवे. खाणीत काम करणारे इनुइट कर्मचारी, घर चालवणारे तरुण, प्रशिक्षणाच्या संधींविषयी बोलणारे पालक. जिथे पगाराचे काम मिळणे दुर्मीळ, तिथे हा मुद्दा हलका नाही. लोहमार्गामुळे ट्रक कमी होतील आणि रस्त्याची धूळ घटेल, हा कंपनीचा युक्तिवादही तांत्रिकदृष्ट्या निराधार नव्हता. मात्र उत्पादन दुप्पट झाले की क्रशर, साठे आणि जहाजे यांचे काय, हे त्याच हिशेबात धरावे लागत होते, आणि कॅरिबूंच्या वाटेवर लोहमार्गाचा बांध आडवा येणार होता.

१३ मे २०२२ रोजी मंडळाने अहवाल दिला. सागरी सस्तन प्राणी, मासे, कॅरिबू, वनस्पती, गोडे पाणी, तसेच इनुइटांची शिकार, संस्कृती, जमिनीचा वापर आणि अन्नसुरक्षा यांवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम होण्याची शक्यता आहे, आणि ते पुरेसे टाळता किंवा आटोक्यात ठेवता येतील याची खात्री वाटत नाही. म्हणून या वेळी प्रस्ताव पुढे जाऊ नये, अशी शिफारस होती. अहवाल वाचताना मी सर्वांत आधी धुळीचा भाग उघडला. त्यात गावांच्या साक्षी आणि मोजणीचे आकडे एकाच चर्चेत, एकमेकांना तपासत आलेले होते. १६ नोव्हेंबर २०२२ रोजी केंद्रीय मंत्री डॅन व्हँडल यांनी शिफारस मान्य केली.

प्रकल्प त्यामुळे संपलेला नाही. वर्षाला साठ लाख टनांची मर्यादा पुढे चालू ठेवण्याचा वेगळा अर्ज २०२३ मध्ये मंडळाच्या शिफारशीनुसार मंजूर झाला. कंपनीने आता २०१२ सालीच परवानगी मिळालेल्या दक्षिणेकडच्या स्टीन्सबीच्या लोहमार्गाकडे लक्ष वळवले आहे. त्या मार्गाने जहाजे वर्षभर, म्हणजे हिवाळ्यात बर्फ फोडत, फॉक्स खाडीतून जातील. तिथे वॉलरस आहेत, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली इग्लूलिक व सानिराजाक ही गावे आहेत. त्या परवानगीमागचे अंदाज दशकाहून अधिक जुने झाले आहेत, तेव्हाच्या आणि आताच्या समुद्रबर्फात फरक पडला आहे, आणि मिल्न इनलेटच्या अनुभवाने धूळ किती दूर जाते हेही आता माहीत झाले आहे. वार्षिक देखरेख अहवालांवरच्या टिप्पण्यांचे काम माझ्याकडे अजून आहे. दक्षिणेकडे एकही रूळ पडण्याआधी तिथल्या वसंतातल्या बर्फाचे नमुने गावकऱ्यांनी दाखवलेल्या जागांवरून घेतले जावेत, ही मागणी मी या वर्षीच्या टिप्पणीत पहिल्या क्रमांकावर ठेवली आहे.